गोळीइंधन आणि लघुउद्योगांची वाफ : जबलपूर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

वाफेशी जबलपूरचे नाते जुने आहे. मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा मार्च १८७० मध्ये याच शहरात एकमेकांना जोडले गेले आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे सलग रेल्वेमार्गाने प्रथमच जवळ आली. त्या काळी वाफ म्हणजे आगगाडीचे इंजिन. आज रुळांवरून वाफ हद्दपार झाली असली, तरी उद्योगांतून ती गेलेली नाही. मटार गोठवून साठविण्यापूर्वी त्यांना उष्ण पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया द्यावी लागते. भातगिरणीत उकडा तांदूळ तयार करताना वाफ लागते. दुग्धशाळा, रुग्णालयांची धुलाईगृहे, मोठी वसतिगृहे आणि तयार कपड्यांना इस्त्री करणारे कारखाने यांचेही वाफेवाचून चालत नाही. हिरवा मटार हे ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतील जबलपूर जिल्ह्याचे उत्पादन आहे, आणि सलवार-सूट शिवणाऱ्या लहान कारखान्यांसाठीही हे शहर प्रसिद्ध आहे.

या सर्व ठिकाणी वाफ देणारा बॉयलर लहान असतो. ताशी शंभर किलोपासून फार तर एक-दोन टनांपर्यंत वाफ देणारा. मोठ्या कारखान्यात इंधनाचा हिशेब ठेवण्यासाठी अभियंता असतो. लहान बॉयलरच्या मालकाला मात्र तो स्वतःच ठेवावा लागतो. डिझेल परवडत नाही, कोळशाची प्रत दर खेपेला बदलते आणि लाकूड पावसाळ्यात धुमसते. अशा वेळी दाबून तयार केलेल्या लाकडी गोळ्यांचा, म्हणजेच पेलेटचा, पर्याय त्याच्यासमोर ठेवला जातो. हा पर्याय खरोखर किफायतशीर आहे काय, कोणत्या अटींवर आहे आणि त्यासाठी बॉयलरमध्ये कोणते बदल करावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दाबीव इंधनाची पार्श्वभूमी

भुसा दाबून त्याचे घट्ट इंधन करण्याची कल्पना नवी नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिका आणि स्वीडनसारख्या देशांचे लक्ष लाकडी गोळ्यांकडे गेले व पुढे घरे उबदार ठेवण्यासाठी त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला. भारतात आधी रुजली ती ब्रिकेट, म्हणजे मनगटाएवढी किंवा त्याहून जाड कांडी. बाजारात तिला ‘व्हाइट कोल’ किंवा पांढरा कोळसा म्हणतात. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अक्षय ऊर्जा विकास संस्थेने, म्हणजे इरेडाने, अशा प्रकल्पांना कर्जे दिली. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. पी. डी. ग्रोव्हर आणि एस. के. मिश्रा यांनी या तंत्राचा घेतलेला सविस्तर आढावा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केला.

ब्रिकेट आणि गोळी यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक आकाराचा आहे. ब्रिकेटचा व्यास साधारणतः ६० ते ९० मिलिमीटर असतो, तर गोळीचा ६ ते १० मिलिमीटर. परंतु लहान बॉयलरच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. ब्रिकेट हाताने टाकावी लागते. गोळ्या मात्र धान्याप्रमाणे वाहतात. त्यामुळे त्या टाकीतून स्क्रूच्या साहाय्याने मोजून भट्टीत सोडता येतात. वाफेची मागणी वाढली की इंधन वाढवावे, घटली की कमी करावे, हे तेलाच्या बर्नरमध्ये असलेले सामर्थ्य घन इंधनाला गोळीच्या रूपाने लाभते.

जबलपूर परिसरातील कच्चा माल

देशातील सर्वाधिक वनक्षेत्र मध्य प्रदेशात आहे. जबलपूरच्या आसपासच्या मंडला व दिंडोरी या जिल्ह्यांत साल आणि सागाची वने आहेत, आणि लाकूड कापणाऱ्या आरागिरण्यांतून भुसा, ढलप्या व तुकडे निघतात. दुसरा मोठा स्रोत शेतीचा. जबलपूर, सिवनी आणि बालाघाट या पट्ट्यात भात होतो, आणि जबलपूरहून गोंदियाला जाणारा, पूर्वी अरुंदमापी असलेला व आता रुंदमापी झालेला, लोहमार्ग या पट्ट्याला थेट महाराष्ट्रातील गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांशी जोडतो. त्यामुळे येथे मांडलेला हिशेब पूर्व विदर्भातील उद्योजकालाही लागू पडेल. भाताचे तूस, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचे कुटार ही या प्रदेशाची ओळखीची अवशिष्टे आहेत.

तिसरा स्रोत अनाहूत आहे. घाणेरी, म्हणजे लँटाना, हे परदेशातून आलेले झुडूप मध्य भारतातील वनांत खोलवर पसरले आहे. त्याच्या दाट जाळीमुळे गवत व नवी रोपे वाढत नाहीत आणि वन्य प्राण्यांचे खाद्य घटते. ते काढून टाकणे वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने आवश्यकच असते. काढलेल्या लाकडाचे इंधन झाल्यास त्या कामाचा काही खर्च तरी भरून निघू शकतो.

अभ्यासाच्या दृष्टीनेही हे शहर संपन्न आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, १९८८ मध्ये स्थापन झालेली उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आणि राज्य वन संशोधन संस्था या तिन्ही संस्था जबलपुरातच आहेत. शेती, वन आणि काष्ठ या तिन्ही विषयांचे जाणकार एका शहरात असणे ही उद्योजकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

गोळी कशी तयार होते ?

सुटा भुसा हलका असतो. त्याच्या एका घनमीटरचे वजन १५० ते २०० किलोच्या आसपास, तर भाताच्या तुसाचे त्याहूनही कमी भरते. असा माल ट्रकमध्ये भरला की वजन होण्यापूर्वीच जागा संपते. दाबल्यानंतर त्याच घनमीटरमध्ये ६०० ते ७०० किलो गोळ्या मावतात. म्हणजे दाबण्याने इंधनात नवी उष्णता निर्माण होत नाही. आहे तीच उष्णता कमी जागेत, सुटसुटीत व एकसारख्या स्वरूपात मिळते.

निर्मितीचे टप्पे पाच आहेत. प्रथम माल चाळून माती, खडे व लोखंडाचे तुकडे काढले जातात. नंतर तो वाळवून त्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणला जातो. हॅमर मिलमध्ये त्याचा बारीक चुरा केला जातो. हा चुरा जाड पोलादी डायच्या छिद्रांतून रुळांच्या दाबाने ढकलला जातो. शेवटी बाहेर पडलेल्या गरम गोळ्या हवेने थंड करून, चाळून पोत्यांत भरल्या जातात.

डायमधील घर्षणाने माल तापतो व लाकडातील लिग्निन हे द्रव्य मऊ होते. थंड झाल्यावर तेच कणांना घट्ट धरून ठेवते. म्हणूनच चांगल्या लाकडी भुशाला वेगळा डिंक किंवा गोंद लागत नाही. ओलावा फार झाला तर छिद्रात वाफ कोंडून गोळी फुटते. फार कमी झाला तर ती बांधली जात नाही. गोळी बिघडण्यामागे बहुधा ओलाव्याचे हेच कारण असते.

या प्रक्रियेत वीज खर्च होते. यंत्र व कच्चा माल यांनुसार एका टनामागे साधारणपणे ८० ते १५० युनिट वीज लागते. एक टन गोळ्यांत असलेल्या उष्णतेच्या तुलनेत हे प्रमाण दोन-तीन टक्के भरते. परंतु ओला माल इंधन जाळून वाळवावा लागला, तर खर्च झपाट्याने वाढतो. जबलपुरात वर्षाकाठी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतांश चार महिन्यांत पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात माल वाळवून छपराखाली साठविणे हाच येथील उत्पादकासाठी स्वस्त मार्ग होय.

वाफेचे गणित

इंधनाची तुलना किलोच्या भावाने करू नये. वाफेच्या भावाने करावी. सात किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची एक किलो वाफ ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यापासून तयार करण्यासाठी सुमारे ६३० किलोकॅलरी उष्णता लागते. ताशी २०० किलो वाफ देणारा बॉयलर आठ तास पूर्ण भाराने चालला, तर १,६०० किलो वाफ तयार होईल व त्यासाठी सुमारे १० लाख किलोकॅलरी उष्णता पाण्यापर्यंत पोहोचली पाहिजे. ती मिळविण्यासाठी किती इंधन लागेल ?

चांगल्या लाकडी गोळीचा उष्मांक किलोमागे ४,००० किलोकॅलरी व बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, प्रत्येक किलोमागे २,८०० किलोकॅलरी उपयोगी पडतात. म्हणजे दिवसाला सुमारे ३६० किलो गोळ्या लागतील.

ताजे किंवा पावसात भिजलेले लाकूड घेतले, ज्यात ४० टक्के ओलावा आहे, तर त्याचा उष्मांक २,६०० किलोकॅलरीच्या आसपास असतो. त्यातील पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते, भट्टी थंड राहते आणि कार्यक्षमता ४५ टक्क्यांपर्यंत घसरते. अशा लाकडाचे दिवसाला सुमारे ८६० किलो लागतील.

तेच लाकूड चिरून, छपराखाली काही महिने ठेवून २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळविले, तर उष्मांक ३,५०० च्या आसपास जातो. कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तरी दिवसाला सुमारे ५२५ किलो पुरतात.

डिझेलचा उष्मांक किलोमागे १०,८०० व कार्यक्षमता ८२ टक्के धरल्यास सुमारे ११४ किलो, म्हणजे १३५ लिटर डिझेल लागेल.

या चार आकड्यांतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, डिझेलच्या तुलनेत गोळी निःसंशय स्वस्त पडते. उदाहरणादाखल डिझेल लिटरला ९० रुपये व गोळी किलोला ९ रुपये मानली, तर दिवसाचा खर्च अनुक्रमे सुमारे १२,१५० व ३,२४० रुपये होईल. दुसरा, ओल्या लाकडाच्या तुलनेत गोळीचा किलोचा भाव २.४ पटींपर्यंत अधिक असला, तरी वाफ महाग होत नाही. ओले लाकूड ४ रुपये किलो मिळत असेल, तर गोळीला साडेनऊ रुपयांपर्यंत भाव देता येईल. तिसरा निष्कर्ष मात्र सहसा सांगितला जात नाही. वाळलेल्या लाकडाच्या तुलनेत ही मर्यादा जेमतेम दीडपटीवर येते. म्हणजेच ज्याच्याकडे जागा व वेळ आहे, त्याने प्रथम लाकूड वाळविण्याचे छप्पर बांधावे. या एकाच सुधारणेने लाकडाचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो व त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. त्यानंतरही गोळी परवडत असेल, तरच ती घ्यावी.

वाचकाने आपल्या गावचे भाव घालून हा हिशेब स्वतः करावा. सूत्र सोपे आहे : एक टन वाफेसाठी लागणारी ६,३०,००० किलोकॅलरी उष्णता भागिले इंधनाचा उष्मांक गुणिले कार्यक्षमता, आलेल्या किलोंना भावाने गुणावे. त्यात राख उचलणे, मजुरी, ब्लोअर व स्क्रूची वीज आणि नव्या सामग्रीवरील व्याज मिळवावे.

भट्टीत कोणते बदल हवेत ?

कोळशाच्या जाळीवर गोळ्या ओतून भागत नाही. बऱ्याचशा गोळ्या जाळीच्या फटींतून राखेत पडतात. पण त्याहून महत्त्वाचे कारण ज्वलनाच्या स्वरूपात आहे. लाकडातील ७० ते ८० टक्के भाग तापताच वायुरूप होतो व तो जाळीवर नव्हे, तर जाळीच्या वर ज्योतीच्या रूपाने जळतो. कोळशात हा भाग बराच कमी असतो. म्हणून लाकडी इंधनाला दोन ठिकाणी हवा द्यावी लागते. जाळीखालून दिलेली प्राथमिक हवा गोळीतील वायू बाहेर काढते व निखारा पेटता ठेवते. ज्योतीत वरून सोडलेली दुय्यम हवा तो वायू पूर्ण जाळते. दुय्यम हवा नसेल, तर न जळलेला वायू काळा धूर होऊन धुराड्यातून जातो. तो धूर म्हणजे मालकाने पैसे देऊन घेतलेले इंधनच होय.

ज्योतीला पूर्ण जळण्यास जागाही लागते. ती थंड नळ्यांना लगेच भिडली, तर विझून काजळी धरते. म्हणून जुन्या बॉयलरला बाहेरून अग्निविटांची छोटी भट्टी जोडणे हा मार्ग पुष्कळदा हितावह ठरतो. तेलावर चालणारा तीन फेऱ्यांचा बॉयलर गोळीवर आणताना विशेष विचार करावा. त्याची अग्निनलिका अरुंद असते व राख काढण्याची सोय नसते. नुसता बर्नर बदलला, तर नळ्या राखेने भरतात आणि पूर्वीइतकी वाफ मिळत नाही. नव्याने बॉयलर घेणाऱ्याने तो प्रथमपासून घन इंधनासाठी आखलेलाच घ्यावा.

रोजच्या देखभालीतील चार गोष्टींकडे लक्ष दिल्यास इंधन वाचते. धुराड्यात जाणाऱ्या वायूचे तापमान दर २२ अंशांनी घटल्यास कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने वाढते. बॉयलरला दिले जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक गरम असल्यास सुमारे एक टक्का इंधन वाचते. म्हणून वापरलेल्या वाफेचे पाणी गटारात न सोडता टाकीत परत आणावे. नळ्यांवर एक मिलिमीटर क्षारांचा थर साचल्यास इंधनाचा खर्च पाच ते आठ टक्क्यांनी वाढू शकतो. त्यासाठी पाणी मृदू करणारे संयंत्र व नियमित ब्लोडाऊन आवश्यक आहे. आणि वाफेच्या उघड्या नळांवर उष्णतारोधक आवरण असावे. ही कामे केली नाहीत, तर उत्तम गोळीही तोट्याची ठरते.

राख : विकत घेताना सर्वांत दुर्लक्षित बाब

सर्वच गोळ्या सारख्या नसतात. साल काढलेल्या स्वच्छ लाकडात राख एक टक्क्याहून कमी असते. भाताच्या तुसात ती १५ ते २० टक्के असते व तिच्यात सिलिकाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे गोळी करणाऱ्याचा डाय लवकर झिजतो आणि जाळणाऱ्याला दर टनामागे दीड-दोनशे किलो राख उचलावी लागते. पेंढा व पिकांच्या काडीकचऱ्यात पोटॅशसारखे क्षार अधिक असतात. त्यांच्यामुळे राख कमी तापमानालाच वितळते व जाळीवर तिचे खंगर जमतात. हवेचा मार्ग बंद होतो आणि कामगाराला चालू भट्टीत सळई घालून ते फोडावे लागतात. लाकडी गोळीसाठी बनविलेल्या छोट्या बर्नरमध्ये पेंढ्याची गोळी टाकणे म्हणूनच धोक्याचे आहे. तिच्यासाठी हलती जाळी किंवा मोठी भट्टी लागते.

प्लायवूड, एमडीएफ व रंगविलेल्या फर्निचरचा भुसा गोळीत मिसळू नये. त्यातील चिकट द्रव्ये व रंग जळताना विषारी वायू बाहेर पडतात आणि बॉयलरच्या पत्र्यालाही अपाय होतो.

प्रयोगशाळेत उष्मांक, ओलावा व राख यांची तपासणी करून घेणे केव्हाही चांगले. परंतु प्रत्येक ट्रक उतरवून घेताना काही साध्या चाचण्या मालकालाही करता येतात. चांगली गोळी गुळगुळीत असते व मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो. पाण्याच्या पेल्यात टाकल्यास ती तळाशी बसते, कारण तिची घनता पाण्यापेक्षा अधिक असते. पोत्याच्या तळाशी भुकटी किती आहे ते चाळून वजन करावे. शंभर ग्रॅम गोळ्या लोखंडी तव्यात पूर्ण जळू देऊन उरलेली पांढरट राख तोलली, तर राखेचे प्रमाण अंदाजे कळते. खरेदीचा करार लिहिताना भाव केवळ टनावर न ठरविता ओलावा, राख व भुकटी यांच्या कमाल मर्यादा नमूद कराव्यात.

सुरक्षितता आणि कायदा

वीज गेली की तेलाचा बर्नर तत्क्षणी विझतो. घन इंधनाची भट्टी विझत नाही. जाळीवरील निखारे उष्णता देत राहतात, पण पाण्याचा पंप बंद पडलेला असतो. पाण्याची पातळी खाली गेली, की नळ्या उघड्या पडून तापतात, आणि अशा स्थितीत घाईने थंड पाणी सोडल्यास भीषण अपघात होऊ शकतो. म्हणून वीज नसतानाही चालणारा पाणीपुरवठ्याचा पर्याय, दोन स्वतंत्र जलदर्शक काचा, चालू स्थितीतील सुरक्षा झडप आणि कमी पाण्याची सूचना देणारी घंटा यांत कोणतीही काटकसर करू नये.

गोळीइंधनाचे स्वतःचेही काही धोके आहेत. भट्टीतील आग स्क्रूमधून मागे सरकून टाकीपर्यंत जाऊ शकते. म्हणून टाकी व भट्टी यांच्यामध्ये हवाबंद झडप किंवा पाण्याचा फवारा असावा. हवेत उडालेली बारीक भुकटी ठिणगीने भडकते. बंदिस्त कोठारात साठविलेल्या गोळ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू बाहेर पडू शकतो. वायुवीजन केल्याविना कोणीही आत उतरू नये. पाणी लागले की गोळी फुगून पुन्हा भुसा होते, म्हणून पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावीत.

१९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाची जागा आता २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची किंवा एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरहून कमी दाबाची पात्रे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. इतर बॉयलरची नोंदणी, नियतकालिक तपासणी व प्रमाणपत्र आवश्यक असते. इंधन बदलण्यासाठी भट्टीत किंवा बॉयलरच्या रचनेत फेरबदल करावयाचा असल्यास तो बॉयलर निरीक्षकांच्या संमतीवाचून करू नये, आणि बॉयलर प्रमाणित अटेंडंटच्याच हाती द्यावा.

धोरण, पुरवठा आणि प्राधान्यक्रम

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाद्वारे कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांना कोळशाबरोबर जैवभाराच्या गोळ्या जाळणे बंधनकारक केले. पाच टक्क्यांपासून सुरू झालेल्या या प्रमाणात पुढे वेळोवेळी बदल झाले. त्यासाठी ‘समर्थ’ हे राष्ट्रीय अभियान राबविण्यात आले. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय जैव ऊर्जा कार्यक्रमात गोळ्या व ब्रिकेट तयार करणाऱ्या प्रकल्पांना अर्थसाहाय्याची तरतूद होती. या धोरणांमुळे गोळीचे उत्पादन वाढले, परंतु लहान बॉयलरच्या मालकाला एक बलाढ्य स्पर्धकही मिळाला. वीजकेंद्र एकरकमी हजारो टनांचा करार करते. इस्त्रीचा कारखाना महिन्याला आठ-दहा टन घेतो. पुरवठा अपुरा पडला, की प्रथम लहान ग्राहकाचीच गाडी थांबते. म्हणून एका औद्योगिक वसाहतीतील आठ-दहा उद्योजकांनी एकत्र येऊन वर्षाचा करार करणे, सामायिक कोठार बांधणे आणि परिसरातील शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचतगटांकडून माल घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

यात आणखी एक पथ्य पाळावे लागेल. जे जैवद्रव्य आज वाया जाते, तेच गोळीचा खरा कच्चा माल होय. २०२४ च्या खरीप हंगामानंतर उपग्रहांनी टिपलेल्या पिकांचे अवशेष जाळण्याच्या घटनांत मध्य प्रदेश पंजाबच्याही पुढे होता. शेतात जळणारा हा पेंढा मोठ्या भट्ट्यांना योग्य गोळीच्या रूपाने मिळाला, तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील व हवाही वाचेल. परंतु जो पेंढा जनावरांचा चारा आहे, जे धसकट जमिनीत कुजून मातीला कस देते आणि जी वाळकी काटकी वनालगतच्या गावातील स्त्री चुलीसाठी डोक्यावरून आणते, त्यावर कारखान्याने हक्क सांगू नये. भाव वाढला म्हणून उभी झाडे गोळीच्या यंत्रात जाऊ लागली, तर या इंधनाला हरित म्हणण्याचे कारणच उरणार नाही. मालाचा उगम कोठला, हा प्रश्न भावाइतकाच आग्रहाने विचारला गेला पाहिजे.

जबलपूरने स्वच्छ हवेच्या बाबतीत मिळविलेला लौकिकही येथे लक्षात घ्यावा. केंद्र शासनाच्या ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’त दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांमध्ये या शहराला २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी दुसरा क्रमांक मिळाला. हा लौकिक टिकवावयाचा असेल, तर वस्तीत चालणाऱ्या लहान बॉयलरांची धुराडी दृष्टीआड करून चालणार नाही. त्या धुराचा पहिला घास शेजाऱ्याआधी भट्टीपुढे आठ तास उभा असलेला कामगार घेत असतो.

समारोप

गोळीइंधन हे चमत्कार नव्हे व फसवणूकही नव्हे. एकसारखा आकार, कमी ओलावा आणि मोजून देता येण्याची सोय हे त्याचे तीन गुण आहेत. या गुणांचा लाभ घेण्याइतकी भट्टी सुधारलेली असेल, तरच त्याचा अधिक भाव वसूल होतो. निर्णय घेण्यापूर्वी उद्योजकाने महिनाभर एक वही ठेवावी. रोज किती किलो इंधन जाळले, बॉयलरला किती लिटर पाणी दिले, धुराड्याचे तापमान किती होते आणि राख किती निघाली, एवढ्या चारच नोंदी कराव्यात. पाण्याच्या लिटरांना इंधनाच्या किलोंनी भागले, की किलोमागे किती वाफ मिळते ते कळते. ओल्या लाकडावर हा आकडा दोनच्या आसपास असेल. चांगल्या गोळीवर व सुधारलेल्या भट्टीत तो साडेचारच्या जवळ जायला हवा. तसे होत नसेल, तर दोष गोळीत आहे की भट्टीत, हे शोधण्यासाठी शहरातील संशोधन संस्थांचे व ऊर्जा लेखापरीक्षकांचे साहाय्य घ्यावे.

आपल्या बॉयलरची ही वही ज्याने ठेवली, त्याला इंधन विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. लघुउद्योगाच्या ऊर्जाबचतीची सुरुवात नव्या यंत्राने नव्हे, तर अशा नोंदीनेच होते.